एलईडी इंडिकेटर लावल्यावर सुसाट होणारी टिकटिक ठिकाणावर कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडहून रोज लोअर परळला जाणाऱ्या एका भावाने आपल्या १२५ सीसीच्या गाडीचे चारही इंडिकेटर बदलून एलईडीचे बसवले. त्या दिवसापासून इंडिकेटर सुसाट उघडझाप करतात. शिवाय डावा लावला तरी उजवेही लुकलुकतात आणि मीटरमधला हिरवा दिवा जेमतेम दिसतो. मेकॅनिकने सीटखाली दोन्ही बाजूंना एकेक पांढरा सिमेंटचा रेझिस्टर (करंट ओढून उष्णतेत घालवणारा भाग) जोडून दिला. त्याने टिकटिक थोडी सुधारली, पण सिग्नलला जास्त वेळ थांबलं की सीटखालून जळका वास येतो. दुकानदार म्हणतो रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) बदला, मेकॅनिक म्हणतो अजून मोठा रेझिस्टर टाका. खरं काय?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. रिले बदला आणि रेझिस्टर काढून टाका, तेही आजच. चारही दिवे एकदम लागण्याचा त्रास मात्र रिले बदलून जाणार नाही. तो वेगळा रोग आहे, त्याला दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, लागतील. बहुतेक लोक या दोन तक्रारी एकच समजतात, आणि मग एकामागून एक रिले विकत घेत बसतात.

टिकटिक का वाढते ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुमच्या गाडीत मूळचे बल्ब १० वॅटचे होते. १२ व्होल्टवर असा एक बल्ब साधारण ०.८ अँपिअर ओढतो. एका बाजूला पुढचा आणि मागचा मिळून दोन बल्ब, म्हणजे दीड-पावणेदोन अँपिअर. फ्लॅशर रिले हा सगळा करंट आपल्यातून जाऊ देतो आणि जाता जाता मोजतो. एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो, रिलेला ते कळतं आणि तो उघडझापीचा वेग जवळजवळ दुप्पट करतो. हा बिघाड नाही, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. चालवणाऱ्याला मागचा दिवा दिसत नाही, म्हणून गाडीच त्याला सांगते की बाबा, एक बल्ब गेलाय.

आता तुम्ही एलईडी लावले. ते दीड-दोन वॅटचे असतात. दोन्ही मिळून पाव अँपिअरच्या आसपास ओढतात. रिलेच्या हिशेबाने दोन्ही बल्ब गेलेत, म्हणून तो जिवाच्या आकांताने टिकटिकतो. तुमचे दिवेही चांगले आहेत आणि रिलेही चांगला आहे. फक्त तो रिले या दिव्यांसाठी बनलेला नाही.

फार जुन्या गाड्यांमध्ये वेगळंच दिसतं. तिथे ॲल्युमिनियमच्या गोल डबीतला थर्मल फ्लॅशर असतो. आतली धातूची पट्टी करंटने तापते, वाकते, संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. एलईडीच्या एवढ्याशा करंटने ती पट्टी पुरेशी तापतच नाही. त्यामुळे दिवा लागतो तो लागलेलाच राहतो, नाहीतर फार सावकाश हलतो. कोणी म्हणालं की एलईडी लावल्यावर टिकटिक बंदच झाली, तर पहिला संशय या डबीवर घ्यायचा. इलाज मात्र तोच, एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले.

वेग किती हवा? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० या मर्यादेत असावी असं आहे. मी ८० ते ९० च्या दरम्यान ठेवतो. मोजायला काही लागत नाही. मोबाइलवर १५ सेकंद लावा, दिवा किती वेळा लागला ते मोजा आणि चारने गुणा. २० ते २२ आले तर उत्तम, ३० च्या वर गेले तर चूक. हे मोजताना इंजिन आयडलिंगला ठेवा, हेडलाइट चालू ठेवा, ब्रेक दाबलेला ठेवा. मग थोडी रेस देऊन पुन्हा मोजा. चांगल्या रिलेत फरक जवळपास पडत नाही.

या आकड्यांचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. एलबीएस मार्गावर संध्याकाळी तुमच्या मागे रिक्षा असते, तिच्या मागे बेस्टची बस, बाजूने अजून चार दुचाक्या. मागच्या माणसाला तुमच्या पाठीकडे बघायला क्षणभरच मिळतो. एलईडीचा छोटा दिवा सुसाट फडफडत असेल तर इंडिकेटर आहे, की लूज कनेक्शनने थरथरणारा टेललॅम्प आहे, हे त्याला पटकन उमगत नाही. त्यात चारही दिवे लागत असतील तर तुम्ही डावीकडे वळताय की हॅझर्ड लावून रखडलाय, हे कळायला त्याच्याकडे काहीच मार्ग उरत नाही. म्हणून चारही लागण्याची तुमची तक्रार मला टिकटिकेपेक्षा जास्त गंभीर वाटते.

आता रेझिस्टरचं. मेकॅनिकचा विचार चुकीचा नाही, हिशेब चुकीचा आहे. रेझिस्टर एलईडीला समांतर जोडला की तो जादा करंट ओढतो आणि रिलेला वाटतं बल्ब आहेत. पण तो करंट जातो कुठे? उष्णतेत. बाजारात सर्रास मिळतो तो १० ओहम, १० वॅटचा. गाडी चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट धरा. ओहमच्या नियमाने करंट १.३५ अँपिअर आणि ताकद १८ वॅटच्या पुढे. उघडझापीमुळे निम्मा वेळ बंद धरला तरी सरासरी ९ वॅट. म्हणजे १० वॅटचा रेझिस्टर आपल्या क्षमतेच्या काठावर चालतोय, तोही सीटखाली, जिथे वारा नाही. अशा वेळी त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या सहज वर जातो. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० ते १०५ अंशांपर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. तुम्हाला येणारा वास त्या आवरणाचा आहे. आणि दुचाकीत सीटच्या पुढे काय असतं? पेट्रोलची टाकी. त्यामुळे मी आजच काढा म्हणतो ते घाबरवायला नाही.

शिवाय यात दुसरं नुकसान आहे. एलईडी लावून वाचवलेला करंट रेझिस्टरने पुन्हा खर्च केला. तुमच्या बॅटरीला फरक शून्य. छोट्या गाड्यांची बॅटरी अडीच-तीन अँपिअर-तासांची असते. कुर्ल्याच्या सिग्नलला पावसात वीस मिनिटं हॅझर्ड लावून उभं राहायची वेळ आली तर एलईडीचा खरा फायदा तिथे होतो. रेझिस्टर लावला की तो फायदाच गेला.

मग रिले कोणता घ्यायचा? रिलेवर बहुधा करंटची मर्यादा छापलेली असते. तिचा खालचा आकडा बघा. ०.०२ किंवा ०.०५ अँपिअर असं काही असेल तर तो दोन एलईडींच्या भारावरही योग्य वेगात चालेल. वरचा आकडा फक्त पुढे बल्ब आणि मागे एलईडी अशी मिसळ असेल तेव्हाच बघायचा. नुसतं 'एलईडी फ्लॅशर' लिहिलंय आणि खाली आकडाच नाही, असा माल मी घेत नाही.

दुसरं, पिना. काही गाड्यांत दोन पिनांचा रिले असतो, काहींत तीन. एक पिन बॅटरीकडून येणाऱ्या करंटची, तिच्यावर बी लिहिलेलं असतं. दुसरी दिव्यांकडे जाणारी, एल. तिसरी अर्थिंगची, ई. काही रिलेंवर याच क्रमाने ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे दिसतील. दोन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक रिलेला स्वतः चालायला करंट हवा असतो, आणि तो त्याला दिव्यांमधूनच घ्यावा लागतो. बल्ब असताना हे कळतही नाही. एलईडी असले की 'बंद' वेळेतही दिवे मंद पेटलेले राहतात, आणि कधी कधी रिले मधेच अडखळतो. म्हणून गाडीचा मूळ रिले दोन पिनांचा असला तरी मी दोन पिना आणि एक सुटी अर्थिंगची वायर असलेला रिले पसंत करतो. ती सुटी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यायची. चेसिसच्या रंगवलेल्या जागेवर स्क्रूखाली दाबायची नाही, रंग करंट जाऊ देत नाही.

तीन पिनांच्या रिलेत धोका आहे तो क्रमाचा. सगळ्या रिलेंवर बी, एल, ई एकाच जागी नसतात. आकार तोच, सॉकेटमध्ये बसतो तसाच, पण आतली मांडणी निराळी. आंधळेपणाने बसवला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. त्यामुळे सॉकेटमध्ये काय येतंय ते आधी तपासायचं.

हे तपासणं मी सविस्तर सांगतो, कारण इथेच अर्धं काम होतं. आधी रिले शोधा. तो सीटखाली, साइड पॅनलच्या आत, टाकीखाली किंवा हेडलाइटच्या मागे असतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, इंडिकेटर लावा आणि वायरिंगवरून बोटं फिरवत जा. जी डबी बोटांना टिकटिक लागते ती रिले. तिचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, चावी चालू, आणि लाल प्रोब कपलरच्या एकेका पिनला लावा. जिथे १२ व्होल्टच्या आसपास दिसेल ती बी. मग वायरचा छोटा तुकडा घ्या आणि बी व दुसरी पिन जोडा, इंडिकेटरचं बटण डावीकडे ठेवून. डावे दोन्ही एलईडी न लुकलुकता स्थिर लागले तर ती दुसरी पिन एल. कपलरला तीन पिना असतील तर या जोडणीआधी चावी बंद करून तिसरी पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात कंटिन्युइटी (वायर सलग जोडलेली आहे का ते) मल्टिमीटरने बघून घ्या. बीप वाजली ती ई, तिला चुकूनही बीशी जोडायचं नाही.

या वायरच्या तुकड्याने अजून एक गोष्ट कळते. तुकडा लावल्यावर दिवे लख्ख आणि स्थिर असतील, तर तुमचे एलईडी, वायरिंग, बटण सगळं ठीक आहे आणि दोष फक्त रिलेचा. एखादा दिवा लागलाच नाही तर त्याच्या दोन वायरी उलट्या लावल्या असतील. बल्बला उलटसुलट चालतं, एलईडीला नाही. मंद लागला तर अर्थिंग बघा. आणि तुकडा लावूनही विरुद्ध बाजूचे दिवे लागले, तर रिलेचा त्यात काही संबंध नाही हे तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं. तुमच्या गाडीत हेच होणार.

वायरींच्या रंगांवर थोडं. होंडाच्या आणि तिच्या पठडीतल्या हिरोच्या बऱ्याच गाड्यांत डावी नारिंगी, उजवी आकाशी, अर्थिंग हिरवी आणि रिलेकडून बटणाकडे जाणारी राखाडी. यामाहात डावी गडद चॉकलेटी, उजवी गडद हिरवी, अर्थिंग काळी. म्हणजे हिरवी एकीकडे अर्थिंग आणि दुसरीकडे उजवा इंडिकेटर! बाहेरून आणलेल्या एलईडींचे रंग तर याहून निराळे. त्यामुळे रंग फक्त अंदाजाला घ्या, पक्कं मल्टिमीटरने करा. एलईडीला तीन वायरी असतील तर तिसरी डीआरएलची, म्हणजे दिवसाही सतत लागणाऱ्या दिव्याची असते. ती नको असेल तर नुसती सोडू नका, टोकाला स्लीव्ह चढवून बंद करा.

आता तुमची खरी डोकेदुखी, चारही दिवे एकदम. तुम्ही लिहिलंय की मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी वेगळे बाण नाहीत, एकच हिरवा दिवा आहे. अगदी तिथेच घोळ आहे. या एका दिव्याची एक वायर डाव्या लाइनला आणि दुसरी उजव्या लाइनला जोडलेली असते. त्याला स्वतःचं अर्थिंगच नसतं. डावा इंडिकेटर लावला की करंट डाव्या लाइनवरून या दिव्यात येतो, त्यातून उजव्या लाइनमध्ये जातो आणि उजव्या बल्बच्या तारेतून अर्थिंगला पोहोचतो. उजवे बल्ब तेव्हा विझलेले आणि थंड, थंड तारेचा विरोध फारच कमी. त्यामुळे सगळं व्होल्टेज मीटरमधल्या दिव्यावर पडतं. तो लागतो, आणि उजव्या बल्बना कळतही नाही की आपल्यातून काही गेलं.

बल्बच्या जागी एलईडी आले की हे गणित उलटं होतं. मीटरमधल्या दिव्यातून जेवढा करंट येतो तेवढा एलईडींना पेटायला पुरतो. मग उजवे लख्ख लागतात आणि मीटरमधला मंदावतो. तुमचं लक्षण शब्दशः हेच आहे. मीटरमधला बल्ब काढून बघा, चारही लागणं तात्काळ थांबेल. खात्री करायला याहून चांगली चाचणी नाही, आणि पाच मिनिटांचं काम आहे.

काही जण तो बल्ब तसाच काढून ठेवतात आणि विषय संपला म्हणतात. मला ते मान्य नाही. मीटरमध्ये दिवा नसला की वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायचं राहून जातं, आणि पूर्व द्रुतगती मार्गावर उजवा इंडिकेटर लावून सरळ जाणारी दुचाकी मागच्याला फसवते. मीटरमधला दिवा चालू राहिलाच पाहिजे.

इलाज दोन डायोडांचा. वन एन ४००७ मागा, एक-दोन रुपयांना एक मिळतो, एक अँपिअर झेपतो, आपल्याला त्याच्या पाव भागही लागत नाही. प्रत्येक डायोडच्या एका टोकाला पांढरी-करडी पट्टी असते. करंट पट्टी नसलेल्या टोकाकडून पट्टीकडे जातो, उलट जात नाही. मीटरमधल्या दिव्याच्या दोन्ही वायरी होल्डरपासून वेगळ्या करा. वायरिंगकडून येणाऱ्या डाव्या वायरीला पहिल्या डायोडचं बिनपट्टीचं टोक, उजव्या वायरीला दुसऱ्याचं बिनपट्टीचं टोक. दोघांची पट्टीची टोकं एकत्र जोडा आणि तिथून एक वायर दिव्याच्या होल्डरला द्या. होल्डरच्या दुसऱ्या वायरीला अर्थिंग द्या. झालं. डावा लावा की उजवा, दिवा लागेल, पण डाव्या लाइनवरून उजवीकडे जायची वाटच बंद. हॅझर्ड लावला तरी व्यवस्थित चालेल. मीटरमध्येही बल्बऐवजी एलईडी टाकलेला असेल तर त्याची दिशा बघून बसवा, नाही लागला तर उलटा फिरवा.

सोल्डर करताना डायोडचे पाय अगदी मुळाशी वाकवू नका, प्लास्टिकचं शरीर तडकतं. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) स्लीव्ह, आणि मग पूर्ण गठ्ठ्यावर अजून एक मोठी स्लीव्ह. नुसती काळी टेप गुंडाळली तर मे महिन्याच्या उन्हात तिचा डिंक वितळून ती सरकते. इंडिकेटरवर हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज उडाला तर परत जाताना ब्रेकलाइटही नसणार.

बझरचं विसरू नका. इंडिकेटर लावला की चिवचिव करणारा बझर आपल्याकडे घरटी एका गाडीला असतो. काही बझर डाव्या-उजव्या लाइनच्या मध्ये जोडलेले सापडतात, अगदी त्या मीटरमधल्या दिव्यासारखे. मग डायोड लावूनही विरुद्ध बाजू मंद लुकलुकत राहते आणि माणूस चक्रावतो. तपासणी सुरू करताना बझर काढूनच ठेवा. नंतर हवा असेल तर ज्या ठिकाणी दोन डायोडांची पट्टीची टोकं एकत्र आलीत तिथून त्याची पॉझिटिव्ह घ्या आणि निगेटिव्ह अर्थिंगला द्या.

रेझिस्टर कधीच लावू नये असं नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा रिलेच नसतो. उघडझापीचं काम मीटर किंवा कंट्रोल युनिट करतं, आणि टिकटिक ऐकू येते ती छोट्या स्पीकरमधून. तिथे बदलायला काही नाही, मग रेझिस्टरच उरतो. पण लावायचा तर हिशेबाने लावा. १० वॅटच्या बल्बची जागा दीड वॅटच्या एलईडीने घेतली, म्हणजे साडेआठ वॅट भरून काढायचे. १२ चा वर्ग १४४, भागिले साडेआठ, साधारण १७ ओहम. बाजारात १५ ओहमचा मिळेल, तो चालतो. तो सिमेंटचा नको, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला २५ वॅटचा घ्या, ज्याला स्क्रूची दोन भोकं असतात. प्रत्येक इंडिकेटरला एक, म्हणजे चार. एका बाजूला एकच लावून भागेल असं वाटतं, पण एकाच बल्बएवढा भार म्हणजे कंट्रोल युनिटच्या भाषेत 'एक बल्ब गेला', टिकटिक सुसाटच राहील. एकच लावायचा असेल तर तो ८ ओहमच्या आसपासचा आणि ५० वॅटचा लागेल. नंबरप्लेटच्या लोखंडी पट्टीवर किंवा मागच्या फ्रेमला तो स्क्रूने घट्ट बसवा, धातूला धातू लागून. प्लास्टिक, वायरिंगचा जुडगा आणि टाकी यांपासून लांब. केबल टायने लटकवायचा नाही, टाय वितळून रेझिस्टर वायरींवर पडतो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका, कपलर मिळतात ते वापरा.

सामान कुठून? डायोड, रेझिस्टर, स्लीव्ह, मल्टिमीटर हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं, फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. रिले कुर्ल्याला सीएसटी रोडला स्पेअर पार्टच्या दुकानांत बघा. जुना रिले खिशात घेऊन जा आणि पिनांची मांडणी काउंटरवरच ताडून घ्या.

काही रिलेंच्या डोक्यावर वेग कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. तो कारखान्यातून कुठेही फिरवलेला असतो. बसवल्यावर १५ सेकंदांची मोजणी करून जागेवर आणा आणि वर मेणाचा किंवा नेलपेंटचा थेंब टाका, नाहीतर खड्ड्यांनी तो फिरतो.

एलईडीवाल्या रिलेने एक गोष्ट तुमच्याकडून जाते, ती आधीच सांगितलेली बरी. बल्ब उडाल्याची खूण आता मिळणार नाही. मागचा एलईडी मेला तरी टिकटिक तशीच चालू राहील. म्हणून सकाळी गाडी काढताना चावी फिरवून दोन्ही बाजू एकदा बघायची सवय लावा. सोसायटीच्या भिंतीवर मागचा उजेड पडतो, तेवढा पुरतो.

दिव्यांबद्दलही दोन शब्द. इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगी हवा, पांढरा किंवा निळा नियमात बसत नाही. आणि घेतलेले एलईडी दुपारी बारा वाजता तपासा, रात्री कुठलाही दिवा लख्खच दिसतो. कुणालातरी गाडीवर बसवून इंडिकेटर लावायला सांगा आणि वीसेक पावलं मागे जाऊन बघा, मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा. बऱ्याच स्वस्त एलईडींचा उजेड नाकासमोर जातो, जरा तिरकं उभं राहिलं की काहीच दिसत नाही. तुमच्या बाजूने येणारा रिक्षावाला तिरकाच असतो. असे दिवे निघाले तर टिकटिक सुधारण्यात वेळ घालवू नका, दिवेच परत करा.

शेवटी पाऊस. तुमच्या वाटेवर हिंदमाता आहे. तिथे गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली की मागच्या इंडिकेटरच्या दांड्यांतून पाणी शिरतं. समुद्राजवळ, वरळी-माहीमकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कपलरवर तर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो. एलईडीचा करंटच इतका थोडा की एवढ्याशा गंजानेही तो अडखळतो. त्यामुळे कपलरच्या पिना स्वच्छ करून वर डायइलेक्ट्रिक (करंट न वाहू देणारं) ग्रीस लावा, वायरीला कपलरच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आणि नवा रिले मूळ रबराच्या खोबणीतच बसवा, पिनांचं तोंड खाली करून.

कामाचा क्रम असा ठेवा: आज दोन्ही रेझिस्टर काढा आणि त्यांच्या शेजारच्या वायरी उघडून बघा. आवरण मऊ पडलं असेल किंवा चिकटलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडा. मग बझर काढून वायरच्या तुकड्याची चाचणी, मग मीटरमधला बल्ब काढून चाचणी, मग डायोड, आणि सगळ्यात शेवटी रिले. एवढं करूनही विरुद्ध बाजू लुकलुकत असेल तर रिलेवर छापलेलं सगळं, त्याच्या पिना किती, आणि मीटरमधल्या दिव्याच्या दोन वायरींचे रंग लिहून कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.